डॉल्बी, कनात आणि रात्रीचे दहा

'डॉल्बी' हा शब्द सातारा-सांगलीकडे शाळकरी पोरालाही माहीत असतो आणि त्याचा अर्थ एकच. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत, मागे जनरेटर, पुढे नाचणारी पोरं. मूळ डॉल्बी हे एका माणसाचं आडनाव आहे. रे डॉल्बी नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली, आणि तिचं पहिलं उत्पादन काय होतं माहितेय? टेपवर रेकॉर्डिंग करताना मागे जी खरखर येते ती कमी करायचं यंत्र. नको असलेला आवाज घालवणं हा ज्याचा धंदा, त्याचं नाव आमच्याकडे नको असलेल्या आवाजाला पडलं. (कंपनीच्या वकिलांना मराठी येत नसावं.)

गेले तीन-चार वीकएंड मी आवाजाविषयीचे कायदे वाचतोय. कारण अगदी घरगुती आहे. सांगलीत आमच्या घरामागे एक लॉन झालंय. लॉन म्हणजे हिरवळ नव्हे, छप्पर नसलेलं मंगल कार्यालय. लग्नसराईत बाबा रात्री मला पुण्याला फोन करतात, काही बोलत नाहीत, नुसता फोन खिडकीपाशी धरतात. पोलिसांना कळवलं की गाडी येते, आवाज उतरतो, गाडी वळली की चढतो. मग म्हटलं, कायदा तरी नेमका काय आहे ते बघू. बघायला गेलो २०-२५ वर्षांचा कायदा आणि पोचलो थेट १८६० सालात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. करमणुकीच्या जागेतून येणाऱ्या आवाजाला आवर घालायचा म्हटलं की आपल्या कायद्याने कायम दोन प्रश्न विचारले: वाजवतंय कोण, आणि किती वाजता. आवाज किती, हा तिसरा प्रश्न फार उशिरा आला. आणि आला तेव्हा त्याच्या हातात जी मोजपट्टी दिली, तिच्यावर डॉल्बी नीट मोजलाच जात नाही. या सगळ्यात आपल्या भागातला एक जुना धंदा चेचला गेला, तमाशाचा.

आता क्रमाने.

१८६० च्या भारतीय दंड संहितेत सार्वजनिक उपद्रवाचं कलम होतं, आणि त्याला दंड होता जास्तीत जास्त २०० रुपये. १८६० साली २०० रुपये म्हणजे माणूस आयुष्यभर शहाणा होईल एवढी रक्कम. पुढे रुपया घसरत गेला, कलम तसंच. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली तेव्हा तो दंड १००० रुपये झाला. १६४ वर्षांत पाचपट! आमच्या मागच्या लॉनवर एका लग्नात फुलांच्या कमानीलाच याच्या कितीतरी पट खर्च होत असेल.

रस्त्यावरची वाद्यं मात्र इंग्रजांनी गंभीरपणे घेतली होती. १८६१ च्या पोलीस कायद्यातच सण-समारंभात रस्त्यावर वाद्यं किती वाजवू द्यायची हे ठरवायचा अधिकार पोलिसांना होता. मुंबई इलाख्यासाठी १८९० चा जिल्हा पोलीस कायदा आला, त्यातही हे नियमन होतं. पण त्यात झोपमोडीची काळजी कितपत होती याची मला शंकाच आहे. मिरवणूक प्रार्थनास्थळावरून जाताना दंगल होऊ नये ही खरी चिंता. म्हणजे आवाज हा कायदा-सुव्यवस्थेचा विषय. कोण वाजवतंय आणि कुणासमोरून, एवढंच बघायचं.

इथे आपल्या भागाचा एक घोळ सांगायला हवा. सातारा १८४८ मध्ये खालसा झालं, तिथे इंग्रजांचा कायदा. सांगली शहर पटवर्धनांच्या संस्थानात, तिथे १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत संस्थानाचा कारभार. पण तासगाव, वाळवा हे भाग सातारा जिल्ह्यात! १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून वेगळा जिल्हा निघाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. हे सांगायचं कारण म्हणजे आपल्याकडचा तमाशा याच पट्ट्यात वाढला. पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे, कुळकर्ण्यांच्या घरातले. काळू-बाळूंचं कवलापूर सांगलीपासून हाकेच्या अंतरावर. मंगला बनसोडेंचं करवडी कराडजवळ.

माझे आजोबा वाळव्याकडचे. ते सांगतात, "गॅसबत्तीच्या उजेडात तमाशा चालायचा, आन् ढोलकी कडाडली की पलीकडच्या गावाला कळायचं फड आलाय म्हणून." तेव्हा माईक नव्हता. झीलकरी वरच्या पट्टीत सूर का धरतात, याचं एक कारण मला तरी हेच वाटतं: शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा होता आणि दुसरं साधन नव्हतं. म्हणजे लाउडस्पीकरच्या आधीही रात्रभर आवाज होत होता, गावाबाहेर ऐकू जात होता. फक्त त्याला वरची एक मर्यादा होती, माणसाच्या गळ्याची आणि ढोलकीच्या कातड्याची.

स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ च्या सुमारास, मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. कारण आवाज नव्हे, अश्लीलता. मग ओरड झाली, सुधारणा समिती नेमली गेली, आणि वग तपासून परवानगी द्यायची पद्धत आली. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात ३३ व्या कलमाखाली करमणुकीच्या जागांना परवाने द्यायची व्यवस्था झाली आणि त्यावरून १९६० मध्ये नियम निघाले. त्या नियमांचं नाव वाचून मला फार मजा वाटली. सिनेमा सोडून इतर सार्वजनिक करमणुकीच्या जागा आणि खेळ, त्यात कॅबरे, मेळे आणि तमाशे धरून, यांना परवाने देण्याचे नियम! कॅबरे आणि तमाशा एका ओळीत. आज पुण्या-मुंबईच्या पबला जो करमणुकीचा परवाना लागतो आणि जत्रेतल्या फडाला जो लागतो, त्यांचं मूळ एकाच जागी आहे.

याच १९५१ च्या कायद्यात ३८ वं कलम आहे. एखाद्या जागेतलं गाणं-बजावणं लोकांना त्रासदायक होतंय असं जिल्हा दंडाधिकाऱ्यांना वाटलं, तर लेखी आदेश काढून ते थांबवता येतं किंवा त्याला अटी घालता येतात. पोलीस ठाण्याचा अहवाल पुरे. बघा, आमच्या लॉनला लागू पडेल असं कलम १९५१ पासून आहे! पण त्यात आकडा नाही. त्रास म्हणजे किती, हे साहेबांना वाटण्यावर. आणि साहेबांना तमाशाचा त्रास लवकर वाटतो, क्लबातल्या बँडचा उशिरा.

हाच चष्मा पुढेही दिसतो. २००५ मध्ये याच पोलीस कायद्यात ३३अ कलम घालून राज्याने डान्स बारवर बंदी आणली. गृहमंत्री होते आर. आर. पाटील, म्हणजे आपले तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आबा. बंदी परमिट रूम आणि बिअर बारला, पण तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना, जिमखान्यांना सूट. याच भेदभावावर ती कोर्टात आपटली, २००६ मध्ये उच्च न्यायालयात आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात. आबांचा हेतू चांगला होता, यात मला शंका नाही, बारपायी बुडालेली घरं त्यांनी बघितली होती. पण नाच तोच असताना छताच्या तारा मोजून नियम ठरला हेही खरंच. असो, तो आवाजाचा विषय नाही.

आकडा आला २००० साली. त्याआधी १९८७ मध्ये हवा प्रदूषणाच्या कायद्यात आवाजाला प्रदूषक म्हणून जागा मिळाली होती, पण खरे नियम १४ फेब्रुवारी २००० चे, ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम. राहत्या भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. बाजारपेठेत ६५ आणि ५५. शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे १० ते ६.

डेसिबल हे फसवं एकक आहे, कारण ते लॉगरिदममध्ये चालतं. बारावीत लॉग टेबल वापरून ज्यांचे हाल झाले त्यांना आठवेल. १० डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती १० पट होते, २० वाढले की १०० पट. म्हणजे ५५ च्या गल्लीत १०५ चा डॉल्बी आला तर तो दुप्पट नव्हे, १ लाख पट. उलटीकडून बघू. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल उतरतात. १० मीटरवर १०० डेसिबल असलेला आवाज ५५ वर यायला जवळपास पावणेदोन किलोमीटर जावं लागतं. (मधल्या इमारती, वारा वगैरे सोडून.) आमचं लॉन घरापासून ६० मीटरवर आहे.

आता याच नियमांतलं रात्रीचं कलम वाचा. रात्री १० ते ६ लाउडस्पीकर बंद, पण बंदिस्त जागेत आतल्या आत वापरायला सूट. बंदिस्त म्हणजे प्रेक्षागृह, परिषदेचा हॉल, समाजमंदिर, बँक्वेट हॉल. २०१० मध्ये यात सुधारणा झाली आणि लाउडस्पीकरच्या जोडीला वाद्यंही आली. म्हणजे माईक न लावता नुसती ढोलकी वाजवली तरी दहानंतर ती नियमात सापडते.

तमाशाची कनात कापडाची. कायद्याच्या दृष्टीने ती बंदिस्त जागा नाहीच. एसी बँक्वेट हॉल मात्र बंदिस्त. तमाशाचं वेळापत्रक गावाच्या यात्रेला बांधलेलं असतं. दिवसभर नैवेद्य, पाहुणे, संध्याकाळी छबिना, जेवणं उरकायलाच नऊ-साडेनऊ. फड रंगायचा तो दहानंतर. गण, गवळण, बतावणी, मग वग, आणि वग संपेपर्यंत तांबडं फुटायचं. हा नियम आल्यावर काय करायचं? वग कापायचा. सगळ्यात लांब आणि सगळ्यात शेवटी असतो तो वग, म्हणून कात्री तिथेच लागते. राहते ती रंगबाजी, सिनेमाची गाणी. फडमालकांनी वेळ वाढवून द्या म्हणून वारंवार मागणी केली. आणि वर आपणच म्हणतो, हल्ली तमाशात काय राहिलंय, नुसती आयटम साँग! अहो, दोन तासांत वग बसतो का?

सूट देता येतच नाही असंही नाही. २००२ च्या सुधारणेप्रमाणे राज्य सरकार वर्षातले १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकतं, आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद कायम ठेवली. हे दिवस कुठले असतात? गणेशोत्सव, नवरात्र, जयंत्या, ३१ डिसेंबर. सगळ्यांना एकाच तारखेला येणारे दिवस. यात्रेचं तसं नाही. खरसुंडीची वेगळी, म्हसवडची वेगळी, पालीची वेगळी, आणि चैत्र-वैशाखात तर गावागणिक वेगळी. शेकडो गावांच्या तारखा १५ दिवसांत कुठून बसणार. हा काही कुणी रचलेला डाव नव्हे. कॅलेंडर शहराचं होतं, एवढंच.

गावातल्या म्हाताऱ्याला, बाळंतिणीला, परीक्षेच्या पोराला रात्रीची झोप नको का? हवीच. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात तेच म्हटलं: बोलण्याचा हक्क आहे, पण नको असलेल्याच्या कानात तो कोंबायचा हक्क नाही, हा त्याचा आशय. मला तो पटतो. आजोबांनाही पटतो. तमाशाच्या आठवणी काढणारे हेच आजोबा लॉनच्या आवाजाला सगळ्यात जास्त वैतागतात. त्यांना विचारलं, फरक काय? म्हणाले, "तमाशा वरसातनं एकदा. ह्यो रोज. आन् तमाशानं छातीत धडधडत न्हवतं."

आजोबांनी एका वाक्यात जे सांगितलं ते समजायला मला ध्वनिशास्त्राची पानं चाळावी लागली.

मीटरवर जे डेसिबल दिसतं ते नुसतं डेसिबल नसतं, 'डेसिबल ए' असतं. माणसाच्या कानाला खालच्या पट्टीतले आवाज कमी ऐकू येतात, म्हणून मीटरही ते मुद्दाम कमी धरतो. १००० हर्ट्झच्या आवाजाला काही वजावट नाही. १२५ हर्ट्झला १६ डेसिबल वजा. ६३ हर्ट्झला २६ वजा. आता डॉल्बीचा 'बेस' असतो कुठे? ४० ते ८० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे जिथे सगळ्यात मोठी वजावट मिळते नेमका तिथे. उलट भिंती आणि खिडक्या वरच्या पट्टीतला आवाज बऱ्यापैकी अडवतात, बेसला जवळजवळ वाट देतात. म्हणून लॉनवरचं गाणं आमच्या घरात ऐकू येत नाही, फक्त धुप्प धुप्प येतं. आणि आपल्या नियमांतले सगळे आकडे 'ए'चे. ढोलकी आणि झांज मीटरवर पुरेपूर मोजली जाते, बेसला भरघोस डिस्काउंट!

२०१४ च्या गणेश विसर्जनात साताऱ्यात मिरवणुकीच्या वेळी भिंत कोसळून तिघे गेले. दोष आला तो डॉल्बीच्या हादऱ्यांवर. धडधाकट आरसीसी भिंत आवाजाने पडत नाही, हे कुणीही सिव्हिलवाला सांगेल. पण आपल्या जुन्या पेठांतल्या भिंती, भाद्रपदापर्यंत तीन महिने पाऊस प्यायलेल्या, त्यांच्याशेजारी स्पीकरची दुसरी भिंत तासन् तास उभी करायची म्हणजे विषाची परीक्षा.

त्यानंतर साताऱ्यात डॉल्बी बंद व्हावा ही मागणी जोरात आली. २०१६ मध्ये विश्वास नांगरे पाटील कोल्हापूर परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक झाले. ते शिराळ्याच्या कोकरूडचे, त्यामुळे सांगली-सातारा त्यांना नकाशावर बघावं लागलं नाही. डॉल्बीमुक्त गणेशोत्सवाची मोहीम त्यांनी लावून धरली, मंडळांच्या बैठका, डॉल्बीमालकांना नोटिसा. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो आणि त्या एक-दोन वर्षांत ढोल-ताशा, झांजपथक, हलगी परत दिसायला लागली होती. पारंपरिक वाद्यंही कमी मोठी नसतात बरं, ताशा कानाशी वाजला तर शिट्टी बसते. पण वाजवणारा दमतो! डॉल्बी डिझेल संपेपर्यंत दमत नाही.

कोर्टातही याच काळात धामधूम चालू होती. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर सविस्तर निकाल देऊन पोलिसांना मीटर पुरवण्यापासून तक्रारीच्या व्यवस्थेपर्यंत सगळं बजावलं. एका वर्षात, १० ऑगस्ट २०१७ ला, केंद्राने नियम बदलले. तोवर दवाखाना, शाळा, कोर्टाभोवतीचे १०० मीटर आपोआप शांतता क्षेत्र धरले जायचे, यापुढे राज्य सरकारने अधिसूचना काढली तरच. २०१८ मध्ये साउंड सिस्टिमवाल्यांची संघटना उच्च न्यायालयात गेली आणि विसर्जनाच्या दोन दिवस आधी न्यायालयाने दिलासा नाकारला. इकडे साताऱ्यात त्याच वर्षी राजकीय पुढारी उघडपणे डॉल्बीच्या बाजूने बोलत होते. डॉल्बीमालकांनी कर्ज काढून सेट घेतलेत, हा त्यांचा मुद्दा अगदीच फालतू नव्हता. ऊस नाही, नोकरी नाही, अशा पोरांनी तो धंदा धरला होता.

२०२३ च्या विसर्जन मिरवणुकीत सांगली जिल्ह्यात दोन तरुण मुलं कोसळली आणि दगावली. बातम्यांत कारण डॉल्बीचा आवाज असंच आलं. हृदयविकार एका कारणाने होत नाही, त्यामुळे मी त्यावर जास्त बोलत नाही. पण त्या दोन घरांत पुढच्या भाद्रपदात काय वाटलं असेल, हे डेसिबलमध्ये कुठल्याच पट्टीवर मोजता येणार नाही.

बाहेर काय करतात तेही बघितलं. फ्रान्समध्ये २०१७ च्या आदेशाने क्लब आणि मैफिलींसाठी दोन मर्यादा आल्या: १५ मिनिटांच्या सरासरीत १०२ 'डेसिबल ए' आणि ११८ 'डेसिबल सी'. 'सी' पट्टी बेसला वजावट देत नाही, ६३ हर्ट्झला जेमतेम १ डेसिबल. म्हणजे बेसचं माप वेगळं. जर्मनीत खालच्या पट्टीतल्या आवाजासाठी वेगळं मानकच आहे. इंग्लंडमध्ये पबच्या परवान्यात लिमिटर लावायची अट घालतात. लिमिटर म्हणजे ठरलेल्या पातळीच्या वर आवाज जाऊच न देणारं एक खोकं. त्याला कुलूप असतं, म्हणजे डीजेने कितीही बटण फिरवलं तरी फुकट.

आपल्याकडे ही गोष्ट ठळकपणे कागदावर दिसली ती २३ जानेवारी २०२५ ला. कुर्ल्याच्या रहिवाशांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की लाउडस्पीकर हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, तक्रारदाराचं नाव उघड करू नका, आणि लाउडस्पीकरमध्येच आवाजाची मर्यादा बसवायची व्यवस्था करण्याचा सरकारने विचार करावा. ते वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. परवाना, चारित्र्य, घड्याळ सोडून कायदा थेट यंत्राशी बोलत होता! शिक्षेचं मात्र उलटं झालंय. ध्वनी नियम मोडल्यास पर्यावरण कायद्याखाली ५ वर्षांपर्यंत कैद होती. १ एप्रिल २०२४ पासून ती जाऊन १० हजार ते १५ लाखांपर्यंतचा दंड आला. यावर मी फार रडणार नाही. डॉल्बीसाठी कुणी ५ वर्षं आत गेल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. लॉनवाल्याला १५ लाख जास्त झोंबतील, लावले तर.

परवा बाबांना हे सगळं फोनवर सांगितलं. लिमिटर, 'ए' पट्टी, 'सी' पट्टी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पोलिसांच्या मीटरवर ते सी असतं का?" असतं. चांगल्या मीटरवर 'ए' आणि 'सी' असे दोन्ही पर्याय असतात, एक बटण दाबायचं. नियमात 'ए' लिहिलंय म्हणून नोंद 'ए'ची होते. बाबा म्हणाले, पुढच्या तक्रारीत हे बटण दाबायची विनंती लिहून देतो. अर्जाचा मसुदा मी कालच मेल केलाय, दीड पानात बसवलाय.